ब्लायनाऊ फेस्तिनियोग : उद्यानाने वगळलेले गाव

सोमवार

उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावरील लँडुडनो जंक्शनहून निघणारी दोन डब्यांची गाडी प्रथम कॉनवी नदीच्या रुंद खोऱ्यातून आणि नंतर लेडर नदीच्या अरुंद, झाडीने भरलेल्या खोऱ्यातून हळूहळू वर चढते. वाटेत डोलविधेलान येथे तेराव्या शतकातील वेल्श राजांचा एक चौकोनी दगडी बुरूज एकाकी उभा दिसतो. त्यानंतर गाडी तीन किलोमीटरहून लांब अशा बोगद्यात शिरते. 1879 साली पूर्ण झालेला हा बोगदा ओलांडताना प्रवाशाला जणू दुसऱ्याच देशात नेऊन सोडले जाते. अलीकडे ओक वृक्षांची राई, हिरवी कुरणे आणि मेंढ्या होत्या. पलीकडे निळसर राखाडी दगडांचे, शेकडो फूट उंच ढिगारे थेट रुळांपर्यंत उतरलेले आहेत. निसर्गाने घडवलेला डोंगर कुठे संपतो आणि माणसाने रचलेला कुठे सुरू होतो, हे पहिल्या दृष्टिक्षेपात सांगता येत नाही.

आम्ही येथे मुद्दाम आलो होतो, आणि त्यामागचे कारण नकाशात आहे. 1951 साली स्नोडोनिया, म्हणजे वेल्श भाषेतील एररी, या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तेव्हा सीमा आखणाऱ्यांनी ब्लायनाऊ फेस्तिनियोग हे गाव आणि त्याभोवतीच्या खाणी उद्यानातून वगळल्या. उद्यानाच्या नकाशावर त्यामुळे अगदी मध्यभागी एक बेट उरले, ज्याच्या चारही बाजूंना उद्यान आहे, पण जे स्वतः उद्यानात नाही. टाकाऊ दगडांचे ढिगारे निसर्गसौंदर्याच्या व्याख्येत बसत नव्हते. पुढे 2021 साली युनेस्कोने वायव्य वेल्समधील पाटीच्या दगडाच्या (स्लेटच्या) प्रदेशाला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली, तेव्हा त्याच्या सहा घटकांपैकी एक हेच गाव, हेच ढिगारे आणि येथून समुद्राकडे जाणारी छोटी रेल्वे हा होता. ज्या कारणासाठी गावाला बाहेर ठेवले, त्याच कारणासाठी सत्तर वर्षांनी त्याचा गौरव झाला. मधल्या काळात गावाने काय सोसले आणि काय टिकवले, हे पाहण्याची आमची इच्छा होती.

गाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरांहून थोडे अधिक उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या एका खोलगट भागात वसले आहे. पश्चिमेला 770 मीटर उंचीचा मोएलविन मॉर, पूर्वेला 661 मीटर उंचीचा मानोद मॉर, आणि उत्तरेला खाणींनी पोखरलेली, पायऱ्या पायऱ्यांची भिंत. दक्षिणेकडे मात्र भूमी उघडी होते आणि ओढ्यांचे पाणी दुइरिद नदीच्या हिरव्यागार खोऱ्यात उतरते. सपाट जागा जवळजवळ नसल्यामुळे घरांच्या रांगा रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरल्या आहेत. घरांची छपरे पाटीच्या दगडाची, अंगणांची कुंपणे उभ्या रोवलेल्या पाट्यांची, आणि कित्येक परसांच्या मागे पाच-पंचवीस पावलांवर ढिगाऱ्याचा पायथा. पाऊस येथे नेहमीचाच. ओली झालेली दगडी छपरे संध्याकाळी जांभळट चकाकत होती.

मंगळवार

आजचा संपूर्ण दिवस ह्लेख्वेदच्या खाणीसाठी राखून ठेवला होता. जॉन व्हाइटहेड ग्रीव्हज या इंग्रज उद्योजकाने 1846 साली येथे खोदकाम सुरू केले. चांगला थर हाती लागेपर्यंत त्याची तीन वर्षे आणि बहुतेक भांडवल खर्ची पडले. मात्र या परिसरातील ही पहिली खाण नव्हे. 1760च्या दशकात मेथुसलेम जोन्स आणि त्याचे सोबती नांतल्या खोऱ्याच्या बाजूने येथे आले आणि त्यांनी डिफविस येथे दगड काढण्यास प्रारंभ केला. त्या काळी ब्लायनाऊ नावाचे गावच नव्हते. मेंढपाळांची काही विखुरलेली घरे होती आणि परगण्याचे चर्च पाच किलोमीटर दूर, ह्लान फेस्तिनियोग या जुन्या गावात होते. पुढे सॅम्युएल हॉलंड आला, त्याने आपली खाण 1825 साली वेल्श स्लेट कंपनीला विकली, आणि या कंपनीच्या संचालकांत पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला लॉर्ड पामर्स्टन होता. भांडवल आणि मालकी प्रामुख्याने इंग्रजी, श्रम आणि बोली वेल्श, अशी या गावाची घडण पहिल्यापासून झाली.

येथला दगड सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा, ऑर्डोव्हिशियन काळातील आहे. समुद्रतळाशी साचलेल्या बारीक गाळावर पुढे भूकवचाच्या हालचालींचा प्रचंड दाब आला, त्यातील खनिजांचे सूक्ष्म पापुद्रे एकाच दिशेने वळले, आणि दगडाला त्या दिशेने पातळ चिरण्याचा गुण आला. शेजारच्या बेथेस्डा आणि ह्लानबेरिस येथील खाणी उघड्यावर, डोंगराच्या अंगावर पायऱ्या कापत गेल्या. ब्लायनाऊमध्ये तसे करणे शक्य नव्हते, कारण येथील थर सुमारे तीस अंशांच्या कोनात डोंगराखाली उतरत जातात, आणि वरचा निरुपयोगी खडक काढत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून लोकांना थरामागोमाग जमिनीच्या पोटात शिरावे लागले. ह्लेख्वेदमध्ये असे सोळा मजले आणि सुमारे चाळीस किलोमीटरचे बोगदे आहेत.

आम्हाला खाली नेणारी दोरखंडावरची गाडी थराच्याच उताराने जाते. खाली उतरल्यावर पहिली जाणीव थंडीची होते आणि दुसरी उंचीची. दगडाची दालने मंदिराच्या सभामंडपाहून कितीतरी उंच आहेत, आणि दोन दालनांच्या मध्ये छताचा भार पेलण्यासाठी अखंड खडकाची जाड भिंत राखलेली आहे. या भिंतीतही चांगलाच दगड असल्याने ती कोरण्याचा मोह मालकांना वारंवार झाला, आणि जेथे तो आवरला गेला नाही, तेथे डोंगर खाली बसला. ओकली खाणीत 1880च्या दशकात झालेली पडझड त्यापैकी सर्वांत मोठी होती.

वाटाड्याने दिवा मालवून एकच मेणबत्ती पेटवली आणि वर पाहण्यास सांगितले. छत दिसत नव्हते. या प्रकाशात खडकफोड्या कामगार मांडीला साखळीचा वेढा देऊन तिरप्या कड्यावर लटकत असे आणि हाताने सुरुंगाचे भोक पाडत असे. मेणबत्ती, दारू, वात, दोर हे सर्व त्याने स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचे असे. मजुरीची पद्धतही वेगळी होती. चार ते सहा जणांची टोळी दर महिन्याला खडकाच्या ठरावीक तुकड्याचा सौदा करी, आणि दगड कसा निघेल याचा अंदाज घेऊन कारभारी त्यांचा दर ठरवी. दगड चांगला निघाला तर चार पैसे हाती लागत, गाठींचा निघाला तर महिनाभराच्या कष्टांवर पाणी. टोळीतले दोघे खाली खडकात, आणि दोघे वर कारखान्यात चिरण्याच्या व कापण्याच्या कामावर असत, त्यामुळे कामगार स्वतःला मजूर न मानता कंत्राटदार मानत. हा स्वाभिमान पुढे संघटनेच्या कामी आला. उत्तर वेल्सच्या खाण कामगारांची संघटना 1874 साली स्थापन झाली.

वर आल्यावर एका कसलेल्या कारागिराने दगड चिरून दाखवला. बोटभर जाडीची नव्हे, चांगली वीतभर जाडीची शिळा त्याने मांडीला तिरपी टेकवली, रुंद आणि पातळ पात्याची छिन्नी तिच्या कडेच्या बरोबर मध्यावर ठेवली आणि लाकडी मोगरीने हलकेच दोन टोले दिले. कडेला केसासारखी रेघ उमटली. छिन्नी किंचित फिरवताच शिळा आवाज न करता दोन समान भागांत उघडली. मग प्रत्येक भागाचे पुन्हा दोन, त्यांचे पुन्हा दोन, असे करत शेवटी काही मिलिमीटर जाडीच्या पाट्या त्याच्या पायाशी उभ्या राहिल्या. नेहमी मध्यावरच चिरायचे, कारण एका बाजूस जाडी कमी असेल तर चीर त्या बाजूला पळते, हे त्याने हातांनीच समजावले. दगड खाणीतून आणल्यावर ओला असतानाच चिरला पाहिजे. वाळलेला दगड नीट उघडत नाही. तयार छपराच्या पाट्यांना आकारमानानुसार सरदार घराण्यांतील स्त्रियांच्या पदव्या होत्या. चोवीस इंच लांब आणि बारा इंच रुंद ती डचेस, वीस बाय दहा ती काउंटेस, सोळा बाय आठ ती लेडी. आणि एक टन अशा पाट्यांमागे नऊ-दहा टन दगड टाकून द्यावा लागे. गावावर झुकलेले ते सारे डोंगर म्हणजे हा टाकलेला भाग होय.

दुपारच्या भोजनाची खोली, जिला येथे काबान म्हणतात, तीही पाहिली. खाणीच्या अंधारात दगडी भिंतींची एक लहानशी जागा, मध्ये शेगडी, भोवती बाके. या खोलीत अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष रीतसर निवडले जात. जेवणाच्या सुट्टीत धर्मशास्त्र, राजकारण, कविता यांवर वादविवाद होत, गायनाच्या आणि पठणाच्या स्पर्धा होत, आणि त्यांची इतिवृत्ते लिहिली जात. त्यांतली काही आजही सुरक्षित आहेत. दिवसभर काळोखात राबणाऱ्या माणसांनी अर्ध्या तासाच्या विश्रांतीत आपल्या भाषेचे विद्यापीठ चालवले, याबद्दल मला अपार आदर वाटतो, आणि या गावाच्या वारशात त्या ढिगाऱ्यांइतकेच, किंबहुना अधिक मोल या खोलीचे आहे, असे माझे मत आहे.

याच दिवसाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांत साचून कामगार चाळिशी-पन्नाशीतच धापा टाकू लागत. मेरिओनेथ या येथल्या तेव्हाच्या जिल्ह्यातील खाणींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल 1895 साली प्रसिद्ध झाला. त्या काळात खाणींच्या पदरी असलेल्या डॉक्टरांनी धूळ निरुपद्रवी ठरवून आजारांचे खापर कामगारांच्या सतत उकळलेल्या चहावर फोडले होते. भरपाई मिळण्यास 1979 साल उजाडावे लागले. तोवर बहुतेक कंपन्या बंद पडल्या होत्या आणि दावा कोणावर लावायचा हा प्रश्न होता. ब्रिटिश पंतप्रधान कॅलहन यांचे अल्पमतातील सरकार डळमळत असताना प्लाइड कम्री या वेल्श पक्षाच्या तीन खासदारांनी आपला पाठिंबा या प्रश्नाशी जोडला, आणि धुळीच्या आजाराने ग्रस्त कामगारांना सरकारकडून भरपाई देणारा कायदा संमत झाला. सरकार पडले, कायदा मात्र राहिला.

बुधवार

सकाळी गावाच्या पश्चिम टोकाला असलेल्या तानग्रिशाय या वस्तीतून कुमॉर्थिनच्या खोऱ्यात चढलो. पाटीच्या दगडांनी फरसबंद केलेली वाट ओढ्याच्या कडेने वर जाते आणि एका वळणानंतर शांत, काळ्या पाण्याचे तळे समोर येते. तळ्याकाठी कामगारांच्या घरांची छप्पर गेलेली रांग आहे, आणि पुढे एका प्रार्थनामंदिराच्या भिंती उभ्या आहेत. येथील खाणीत इतके मृत्यू झाले की लोकांनी तिला कत्तलखाना असे नाव दिले. आणखी वर, खिंडीत, रॉसिध खाणीच्या बराकींचे अवशेष आहेत. तेथील कामगार सोमवारी पहाटे शिदोरी घेऊन चढत आणि शनिवारी घरी परतत. दाराच्या चौकटी अखंड पाटीच्या आहेत, खोल्या लहान आहेत, आणि वारा अंगावर येतो. 1930 साली ही खाण बंद झाली.

परतताना समोरच्या कड्यावरील स्तूलानचे धरण स्पष्ट दिसत होते. 1963 साली सुरू झालेले फेस्तिनियोगचे विद्युतकेंद्र हे ब्रिटनमधील पहिले मोठे उदंचन जलविद्युत केंद्र होय. रात्री, विजेची मागणी कमी असताना, खालच्या तलावातील पाणी सुमारे तीनशे मीटर वर चढवले जाते आणि मागणी वाढताच ते खाली सोडून 360 मेगावॉट वीज मिनिटाभरात उपलब्ध होते. डोंगरातून पाट्या निघणे कमी होत गेले त्याच काळात डोंगराची उंची उपयोगाला आली. या तलावाने एक जुने काम मात्र बुडवले, त्याविषयी शनिवारच्या नोंदीत लिहितो.

गुरुवार

दिवसभर धो धो पाऊस. डोंगर दिसेनासे झाले, म्हणून मुख्य रस्त्यावरच फिरलो. स्थानकाजवळ पाटीच्या दगडाचे उंच स्तंभ उभारले आहेत आणि पदपथात बसवलेल्या पाट्यांवर वेल्श ओळी कोरल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या परगण्याची लोकसंख्या अकरा हजारांच्या वर गेली होती. 2011च्या जनगणनेत ती 4,875 भरली. बंद दुकाने आहेत, तशीच चालू असलेलीही. जुन्या पोलीस ठाण्यात गावकऱ्यांनी चित्रपटगृह आणि कॅफे चालवला आहे. डोंगरउतारावरील सायकलमार्गही स्थानिक सामाजिक उद्योगाने उभारले. बेकरीत, टपालकचेरीत, बसथांब्यावर सर्वत्र वेल्शच ऐकू आली, आणि शाळकरी मुले आपापसांत याच भाषेत भांडत होती. जनगणनेनुसार येथील तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक वेल्श बोलतात.

शुक्रवार

पाऊस थांबल्यावर बसने ह्लान फेस्तिनियोगला गेलो. हे मूळ गाव उंच कड्याच्या टोकावर, चर्चभोवती वसले आहे आणि येथून दुइरिदचे खोरे समुद्रापर्यंत न्याहाळता येते. खाली कन्वाल नदीची खोल घळ आहे. तिच्यातील एका सुळक्यावरून सतराव्या शतकातील ह्यू ह्लुइड हा सैनिक, कवी आणि मांत्रिक म्हणून ख्यात असलेला गृहस्थ प्रवचन करीत असे, अशी कथा आहे. वेल्श पुराणकथांतील फुलांपासून घडवलेल्या ब्लोदेय्वेधची गोष्टही याच नदीच्या काठी घडते. हा भाग डोळ्यांना फार सुखावतो.

दुपारी मानोद डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत गेलो. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे प्रथम वेल्समधील वाडे आणि ग्रंथालये यांत हलवण्यात आली होती. पुढे ती कॅनडाला पाठवण्याचा विचार निघाला, तेव्हा चर्चिलने त्यास ठाम नकार दिला आणि चित्रे देशातच भूमिगत ठेवण्याचे ठरले. निवड झाली मानोदच्या खाणीची. प्रवेशद्वार सुरुंग लावून रुंद करण्यात आले, दालनांत विटांच्या खोल्या बांधून त्यांतील तापमान आणि आर्द्रता नियंत्रित करण्यात आली, आणि 1941च्या उन्हाळ्यात चित्रे येऊ लागली. व्हॅन डाइकचे, पहिल्या चार्ल्स राजाचे घोड्यावर बसलेले चित्र एवढे प्रचंड होते की, त्याची पेटी रेल्वेच्या पुलाखालून जावी म्हणून रस्ता खणून खाली घ्यावा लागला. पूल आणि त्याखालचा तो खोलगट रस्ता आम्ही पाहिला. दोन्ही बाजूंनी उतार अजून जाणवतो. 1942पासून दरमहा एक चित्र येथून लंडनला पाठवले जाई, जेणेकरून बॉम्बहल्ल्यांनी त्रस्त शहरवासीयांना निदान एक तरी श्रेष्ठ कलाकृती पाहता यावी. युद्ध संपल्यावर 1945 साली सर्व चित्रे परतली. ज्या डोंगराला पुढे सौंदर्याच्या नकाशातून वगळण्यात आले, त्याने चार वर्षे युरोपचे सौंदर्य जपले.

संध्याकाळी बाला या गावाकडे जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गाच्या बांधाजवळून परतलो. ही दुसरी रेल्वे 1961 साली बंद झाली, कारण लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी त्रुएरिन खोऱ्यात धरण बांधायचे होते. वेल्सच्या एकाही खासदाराने पाठिंबा दिला नसताना संसदेने तो कायदा 1957 साली संमत केला आणि कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव 1965 साली पाण्याखाली गेले. ब्लायनाऊच्या लोकांच्या बोलण्यात हा विषय आजही आपल्याच घरचे दुःख असावे तसा येतो.

शनिवार

सकाळी छोट्या रेल्वेने पोर्थमाडोगकडे प्रस्थान केले. फेस्तिनियोग रेल्वेची कंपनी 1832च्या कायद्याने स्थापन झाली आणि 1836 साली हा मार्ग खुला झाला. रुळांतील अंतर फक्त 597 मिलिमीटर. जेम्स स्पूनरने मार्गाची आखणी अशी केली की, ब्लायनाऊपासून समुद्रापर्यंत सलग उतार राहावा. भरलेल्या वाघिणी गुरुत्वाकर्षणानेच दीड तासाच्या आसपास खाली पोहोचत, आणि त्यांना पुन्हा ओढून वर आणणारे घोडे उतरताना शेवटच्या डब्यात चारा खात उभे असत. वर येण्यास घोड्यांना सुमारे सहा तास लागत. 1863 साली वाफेची इंजिने आली, आणि 1869 साली रॉबर्ट फेअरली यांचे दोन तोंडांचे इंजिन येथे यशस्वी झाल्यावर देशोदेशीचे अभियंते ते पाहण्यास आले. अरुंद मार्गानेही डोंगर सर करता येतो, हे येथे सिद्ध झाले. दार्जिलिंगचा 1881 सालचा आणि आपल्या माथेरानचा 1907 सालचा मार्ग हे दोन्ही याच दोन फुटी घराण्यातले आहेत, त्यामुळे डब्यात बसताच मराठी प्रवाशाला ओळखीचे वाटते.

1946 साली रेल्वे बंद पडली. 1954 साली ती हाती घेतलेल्या स्वयंसेवकांनी ती खालच्या टोकापासून तुकड्या तुकड्यांनी पुन्हा सुरू केली. मध्ये विद्युतकेंद्राच्या तलावाने जुना मार्ग बुडवला होता. तेव्हा शेकडो हौशी माणसांनी सुट्ट्यांमध्ये कुदळ-फावडी घेऊन डोंगराला वळसा घालणारा, स्वतःवरूनच ओलांडून जाणारा नवा मार्ग धिआल्त येथे खणला, नवा बोगदा पाडला आणि 1982 साली गाडी पुन्हा ब्लायनाऊला पोहोचवली. खिडकीतून तो वळसा पाहिला तेव्हा आम्ही ज्या रुळांवरून काही मिनिटांनी जाणार होतो, ते बरेच खाली, झाडांमधून दिसत होते.

शेवटचा टप्पा कॉब या बांधावरून जातो. विल्यम मॅडॉक्सने 1811 साली पूर्ण केलेल्या या सुमारे दीड किलोमीटरच्या बांधाने खाडी अडवली, आणि नदीच्या प्रवाहाने कोरलेल्या खोलीतून पोर्थमाडोगचे बंदर घडले. 1842च्या आगीत भस्मसात झालेले हॅम्बुर्ग पुन्हा उभे राहत असताना तेथील छपरांसाठी येथूनच पाट्या जहाजांत भरून गेल्या. परत येताना रिकाम्या जहाजांच्या तळाशी वजनासाठी परदेशातले दगड भरलेले असत, आणि बंदरात पोहोचल्यावर ते एका ठिकाणी टाकले जात. त्यांचे एक छोटे बेट झाले. भरतीच्या वेळी ते बांधावरून नीट दिसते. त्यावर आता झाडे उगवली आहेत, आणि ब्लायनाऊच्या पाट्यांच्या बदल्यात आलेले निरनिराळ्या बंदरांचे दगड त्यात एकत्र पडले आहेत.